श्यामची आई रडकी नव्हती

१९९० साली मी पाचवीत होते. शाळेने आम्हाला रांग करून गावातल्या टॉकीजमध्ये 'श्यामची आई' बघायला नेलं होतं. दोन रुपये तिकीट. बाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, येताना रुमाल आणा. रुमाल कशाला, ते मध्यंतरानंतर कळलं. आम्ही मुली तर रडलोच, पण एरवी आमच्या वेण्या ओढणारी दांडगी मुलंसुद्धा शर्टाच्या बाहीला नाक पुसत होती. घरी आल्यावर मी आईच्या कमरेला जी मिठी मारली ती सोडेचना. आई भाकऱ्या करत होती. म्हणाली, "सर बाजूला, तवा तापलाय. एवढं प्रेम आलंय तर जा, कळशी भरून आण." गंमत म्हणजे मी खरंच आणली! सिनेमाचा परिणाम साधारण चार दिवस टिकला.

मैत्रिणींनो, अशी आठवण तुमच्यापैकी अनेकजणींकडे असेल. कुणी शाळेतून पाहिला असेल, कुणी दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला तो १९५३ मध्ये. तोवर गुरुजी जाऊन तीन वर्षं होत आली होती. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक आपल्या या मराठी सिनेमाला मिळालं. त्याच वर्षी 'दो बिघा जमीन'ला प्रशस्तिपत्रावर समाधान मानावं लागलं. दोन्ही सिनेमांच्या घरांत कर्ज आहे, ही गोष्ट मात्र मला फार उशिरा लक्षात आली.

वनमालाबाई आई झाल्या होत्या. 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरांसमोर राजेशाही थाटात वावरलेली ही देखणी नटी कोकणातल्या गरीब घरातली बाई म्हणून कुठेही खटकत नाही. त्या तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. आज मी वयाने त्यांच्या पुढे गेले आहे, हे मनात आलं तेव्हा जरा चमकलेच. श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. २०२५ मध्ये ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा डोळ्यांपुढे आला तो विहिरीला भिणारा मुलगाच. वसंत देसाईंचं संगीतही कसं विसरता येईल? द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधल्याचं ते गाणं आमच्या सासूबाई अजून दळण निवडताना गुणगुणतात.

आता थोडं मनातलं बोलते. या सिनेमावर जिवापाड प्रेम असूनही मला त्याच्या नावाचा एक राग आहे. सिनेमाचा नाही हं, आपण त्याचं जे केलं त्याचा. कुणा बाईचा मुलगा बिघडला की लोक म्हणतात, "श्यामच्या आईसारखे संस्कार पाहिजेत." नोकरीवरून दमून आलेली बाई मुलावर खेकसली, तरी हेच. 'आदर्श माता' सत्काराला मी स्वतः पाहुणी म्हणून गेले आहे, शाल-नारळ दिला आहे आणि सोसण्याचं, झिजण्याचं, मुकाट्याने राबण्याचं तेच ते भाषण ठोकलं आहे. परत येताना रिक्षात मला माझंच भाषण आठवून कसंतरी झालं. कारण सत्कार झालेल्या त्या बाईंनी हळूच विचारलं होतं, "ताई, नारळाऐवजी पैसे मिळाले असते तर बरं झालं असतं का हो?"

घरी येऊन पुस्तक काढलं आणि इतक्या वर्षांनी परत वाचलं. तेव्हा दिसलं की ही बाई मुळीच मुकाट नव्हती. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम लपून बसला तेव्हा तिने त्याला बदडून काढलं. लोकांनी पोराला भित्रा म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी द्यायला तिने ब्राह्मणाच्या पोराला पाठवलं. नंतर आंघोळ कर म्हणाली हेही खरं, तिचा काळ तो. पण गाव काय म्हणेल याचा धाक तिने बाळगला नाही. माहेरच्या आधाराने राहणं तिला टोचू लागलं, तेव्हा स्वतःची झोपडी का होईना, पण आपली हवी म्हणून हातातल्या पाटल्या काढून दिल्या. आणि ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम तिला पदर पसरायला लावतो तो प्रसंग? आपण म्हणणार, काय ही माया! मला मात्र वाटलं, माझ्या मुलाने असं सांगितलं असतं तर मी तांब्या पुढे करून म्हटलं असतं, धू परत!

दोन महिन्यांपूर्वी बचत गटाच्या बैठकीनंतर आम्ही हा सिनेमा लावला. जुनाच. सुजय डहाके यांचा २०२३ मधला 'श्यामची आई'ही आहे, तोही कृष्णधवल, त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण बायकांना वनमालाबाईच हव्या होत्या. आणि नेहमीप्रमाणे अर्ध्यातच लाइट गेली. सगळ्याजणी हळहळल्या. पिशवीत पुस्तक होतं, म्हणून मी मोबाइलच्या उजेडात पुढचं वाचायला घेतलं. कर्जाचा भाग आला. सावकाराचा वसुलीवाला ओसरीवर येऊन श्यामच्या वडिलांना बायको विकायला सांगतो. आतून ती आजारी बाई ताडकन बाहेर येते आणि त्याला ओसरीवरून चालतं व्हायला सांगते.

लहानपणी मी आईच्या मरणाला रडले होते. इथे मात्र आधीच सगळ्या चिडीचूप झाल्या. कोपऱ्यातली एकजण म्हणाली, "ताई, परत वाचा ते." वाचलं. मग हळूहळू तोंडं उघडली. एका कंपनीचं कर्ज फेडायला दुसऱ्या कंपनीचं काढलेलं. हप्ता चुकला की वसुलीची मुलं रात्री आठ-आठ वाजता दारात बसतात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलतात. नवऱ्याला सांगायची सोय नाही, कारण तो म्हणणार, कर्ज तूच काढलंस. आणि खरं सांगू? मी या बायकांमध्ये बारा वर्षं काम करते, पण हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या हिशेबाच्या वह्यांतून ते कधी बाहेर आलं नव्हतं.

त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास यालाही मनाई आहे. हप्ता द्यायची जागा दोघांनी मिळून ठरवायची असते. तिथे लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा गैरहजर राहिलात, तरच माणूस घरी येऊ शकतो. कर्ज फेडायचंच आहे, त्यात सूट नाही. पण अब्रू तारण ठेवलेली नाही.

लाइट काही आली नाही. उठता उठता त्याच कोपऱ्यातल्या बाईने विचारलं, "मग घर राहिलं का हो तिचं?" नाही राहिलं, मी म्हटलं. गावात दवंडी पिटली, जप्ती आली. ती जरा वेळ पुस्तकाकडे बघत बसली. पुढच्या मंगळवारी तिच्याकडे वसुलीवाला यायचा होता. त्या दिवशी तिच्या ओसरीवर बसायला कोण कोण येणार, असं मी विचारलं. अंधारात नीट दिसेना, म्हणून मोबाइल वर धरून हात मोजले. नऊ होते. मला धरून दहा.