चित्र मोकळे, चाल नाही



‘जुना चित्रपट सगळ्यांचाच, हवी ती दृश्ये बिनधास्त उचला’ हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्काची मुदत प्रदर्शनानंतर ६० वर्षे. त्या हिशेबाने प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) केव्हाच मोकळा झाला. गाण्याचे शब्द आणि चाल यांची मुदत मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. त्यातला ‘आधी बीज एकले’ हा ‘अभंग’ तुकोबांचाच समजणारे अजून भेटतात. लिहिला तो शांताराम आठवल्यांनी. ते १९७५ साली गेले, संगीतकार केशवराव भोळे १९७७ साली. म्हणजे शब्द २०३५ अखेरपर्यंत बंधनात, चाल २०३७ अखेरपर्यंत.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) तर मूकपट. पण हाती आलेल्या प्रतीला कुणी नवे पार्श्वसंगीत जोडले असेल, तर ते संगीत फाळक्यांच्या काळाचे नव्हे! यूट्यूबची नोटीस अनेकदा अशा आवाजामुळेच येते. ‘आम्ही कुठे पैसे कमावतो?’ हे उत्तर तिथे चालत नाही.

हौशी मंडळींनी दृश्ये खुशाल घ्यावीत, प्रतीतला आवाज काढून टाकावा आणि प्रत कुठून मिळवली याची नोंद जपून ठेवावी.

– एक वाचक, पुणे