असूयेचा आरोप

गुन्ह्याच्या कथेला ‘मत्सर’ हे नाव एकदा दिले की तिच्या आकलनाचे काम संपले, अशी एक समजूत दृश्यमाध्यमांविषयीच्या लेखनात रूढ झालेली दिसते. किशोरवयीन मुलींच्या कथेत तर हे नाव हाताशी तयारच असते. एक मुलगी सुंदर, श्रीमंत आणि सर्वांची लाडकी. दुसरी साधी, बेताच्या परिस्थितीतली. दुसरीने पहिलीचा खून केला, म्हणजे तो हेव्यातून केला. या अनुमानात कथेचे वाचन कोठेच होत नाही. ‘डेथ ऑफ अ चिअरलीडर’ या दूरचित्रपटाच्या वाट्याला असेच न वाचले जाणे आले आहे. त्याला नीतिकथा मानणारे आणि त्यावर फ्रेंच सिद्धान्ताचा साचा बसवणारे हे दोन्ही पक्ष एकाच चुकीत सहभागी आहेत.

कॅलिफोर्नियातील ऑरिंडा या सधन उपनगरात जून 1984 मध्ये पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा तिच्याच शाळेतील मुलीने भोसकून खून केला. आरोपी सापडायला डिसेंबर उजाडला. तिला जास्तीत जास्त नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि 1992 मध्ये तिची सुटका झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर 1994 मध्ये, एनबीसी या अमेरिकी वाहिनीने या घटनेवरचा चित्रपट दाखवला. विल्यम ग्रॅहम दिग्दर्शित या चित्रपटात नावे व गाव कल्पित आहेत. केली मार्टिनने अँजेला या खून करणाऱ्या मुलीची, तर टोरी स्पेलिंगने स्टेसी या बळी पडणाऱ्या मुलीची भूमिका केली आहे. ‘अ फ्रेंड टु डाय फॉर’ असे त्याचे आणखी एक नाव आहे. एका नावात मैत्रीण आहे, दुसऱ्यात चिअरलीडर, म्हणजे शाळेच्या संघाला सामन्यांत नाचून-गाऊन चेव आणणाऱ्या पथकातली मुलगी. मैत्रीण हे नाते आहे. चिअरलीडर हे पद आहे. कोणते नाव अधिक टिकले, हे सूचक आहे.

खुनाच्या प्रसंगाचा क्रम नीट पाहिला पाहिजे, कारण मत्सराची उपपत्ती नेमकी तेथेच कोसळते. अँजेला खोटे निमित्त करून स्टेसीला गाडीतून बाहेर नेते; हेतू असतो मैत्री जुळवण्याचा. तो फसतो. स्टेसीला ही मुलगी विचित्र वाटू लागते, ती गाडीतून उतरून एका अनोळखी घराचे दार ठोठावते आणि तेथील गृहस्थ तिला आपल्या गाडीतून घरी सोडायला निघतो. अँजेला मागोमाग जाते आणि घराच्या दाराशी सुऱ्याचे वार करते. या दोन टप्प्यांमध्ये काय घडले आहे? स्टेसीची श्रीमंती वाढलेली नाही, तिचे रूप बदललेले नाही, तिला नवे पदही मिळालेले नाही. बदलली आहे ती एकच गोष्ट: उद्या शाळेत सांगण्यासारखे काहीतरी आता तिच्यापाशी आहे. ऑरिंडाच्या प्रत्यक्ष खटल्यातही आरोपीच्या कबुलीत हेच भय पुढे आले होते, की ती शाळेत जाऊन आपल्याला विचित्र ठरवील. सुरा चालतो तो एक वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच थांबवण्यासाठी. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही, हे दुःख येथे कृतीचे कारण नाही. आपल्याविषयी दुसरा काय बोलेल, हे भय कारण आहे. या दोहोंना एकच नाव देणे म्हणजे शब्दांचा आळस.

भारतीय काव्यशास्त्राने या बाबतीत अधिक काटेकोरपणा दाखवला आहे. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत असूया आहे. पण ती दैन्य, व्रीडा, शंका, त्रास यांच्याहून वेगळी मांडलेली आहे. परक्याचे ऐश्वर्य, सौभाग्य, विद्या हे असूयेचे विभाव. तिचे अनुभाव कोणते, तर चारचौघांत दुसऱ्याचे दोष उघडे करणे, त्याच्या गुणांचा अपलाप करणे, भुवया चढवणे, अवहेलना करणे. ही कसोटी चित्रपटाला लावून पाहावी. अँजेला पूर्वार्धात स्टेसीचे दोष कोठेही उगाळत नाही. ती तिची स्तुती करते, तिचे अनुकरण करते, तिच्या अवतीभवती घुटमळते. उलट चारचौघांत दोष काढणे, नाक मुरडणे, गुण नाकारणे या साऱ्या क्रिया स्टेसी आणि तिचा कंपू करतो. अनुभावांवरून भाव ओळखायचा असेल, तर असूयेची लक्षणे वरच्या पायरीवर आढळतात आणि खालच्या पायरीवर आढळतात दैन्य व व्रीडा. मग असूयेचा आरोप मात्र खालच्या पायरीवरच का ठेवला जातो? या शब्दात ज्याचा हेवा केला जातो त्याची छुपी स्तुती असते, हे त्याचे उत्तर. ‘ती जळते’ असे म्हणताच आपल्यापाशी जळण्याजोगे काही आहे, हे न मागता सिद्ध होते. प्रस्थापिताच्या तोंडी हा शब्द नेहमीच सोयीचा असतो. समीक्षकाने तो उसना घेतला की तो नकळत त्याच पक्षाचा होतो.

रने जिरारचा आधार घेणारे या आक्षेपातून सुटले असे मानतात. जिरारच्या 1961 च्या ग्रंथापासून मांडलेला सिद्धान्त असा, की इच्छा वस्तूकडे सरळ जात नाही. ती कोणा आदर्शाकडून उसनी घेतलेली असते, आणि हा आदर्श जवळ आला की तोच प्रतिस्पर्धी होतो. (1981 पासून जिरार स्टॅनफर्डला शिकवत होते, म्हणजे ऑरिंडापासून फार दूर नव्हे. योगायोग एवढाच.) हा सिद्धान्त अँजेलाच्या पहिल्या तासाभराला उत्तम लागू पडतो. तिच्या यादीत तिची स्वतःची म्हणावी अशी एकही इच्छा नाही: चिअरलीडरचे पथक, शाळेच्या इयरबुकचे काम, निवडक मुलींची मंडळी. सगळे दुसऱ्यांनी आधी इच्छिलेले. पण जिरारच्या व्यूहात आदर्श आणि अनुकर्ता एकमेकांच्या इतके निकट येतात की भेद पुसला जातो आणि त्या सारखेपणातून हिंसा जन्मते. प्रस्तुत कथेत भेद शेवटपर्यंत तसूभरही पुसला जात नाही. स्टेसीच्या लेखी अँजेला कधीच प्रतिस्पर्धी नसते. तिच्या लेखी ती जवळजवळ नसतेच. हिंसा येथे सारखेपणातून येत नाही, ती अंतर कायम राखले गेल्यामुळे येते.

हे अंतर राखतो कोण? चित्रपटाच्या आरंभीच मुख्याध्यापक विद्यार्थ्यांपुढे भाषण करतात: सर्वोत्कृष्ट व्हा. शेकडो मुलांना सर्वोत्कृष्ट व्हायला सांगणारी संस्था जागा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या ठेवते. पथकाच्या जागा, इयरबुकच्या जागा, मंडळीच्या जागा मोजक्याच असतात. त्या मोजक्या असण्याला निसर्गाचे कोणतेही कारण नाही. नाचणाऱ्या मुली आठऐवजी ऐंशी झाल्या तरी संघाचे काही बिघडत नाही. टंचाई हीच त्या पदांची किंमत आहे. ती निर्माण केली जाते आणि मग तिच्यापायी होणाऱ्या घालमेलीला व्यक्तीचा स्वभावदोष ठरवले जाते. अनुकरणाचा सिद्धान्त इच्छेच्या त्रिकोणात इतका रमतो की त्या त्रिकोणाची जागा कोणी आखून दिली, हा प्रश्न त्याच्या नजरेतून सुटतो.

चित्रपटालाही हे दिसते आणि तरी तो नजर वळवतो. मुख्याध्यापकाचे भाषण तो ऐकवतो. पण उत्तरार्धात कॅमेरा संस्थेला सोडून अँजेलाच्या चेहऱ्यावर, तिच्या धर्मनिष्ठ कॅथलिक आईच्या दुःखावर, पापनिवेदनावर आणि न्यायालयावर स्थिरावतो. संस्थेचा प्रश्न आत्म्याचा होऊन बसतो. शिवाय या वाहिन्या निष्पक्ष निवेदक नव्हेतच. स्टेसीच्या भूमिकेसाठी निवडलेली टोरी स्पेलिंग त्या काळी ‘बेव्हर्ली हिल्स 90210’ या श्रीमंत शाळकरी मुलांच्या मालिकेमुळे घरोघरी ओळखली जात होती. ज्या लोकप्रियतेची चिकित्सा करायची, तीच प्रेक्षक गोळा करण्यासाठी वापरायची, हा व्यवहार एनबीसीने उघडपणे केला. 2019 मध्ये लाइफटाइम वाहिनीने हीच कथा पुन्हा काढली, तेव्हा केली मार्टिनला तपास अधिकाऱ्याची भूमिका मिळाली. आरोपीचा चेहरा चौकशी करणाऱ्याच्या जागी बसवण्यातली चतुराई जाहिरातीच्या कामी आली असेल. कथेविषयीचा कोणताही नवा प्रश्न तिने विचारला नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मत्सर नाकारून भय आणि अवहेलना पुढे केली, तर खुनाचा दोष मृत मुलीवर ढकलला जात नाही काय? ती तुच्छतेने वागली म्हणून मेली, असा त्याचा अर्थ होत नाही काय? चित्रपट या खड्ड्याच्या अगदी काठावर उभा आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याने स्टेसीला इतके कठोर रंगवले आहे की प्रेक्षकाच्या मनात मृत्यूचे समर्थन नव्हे तरी स्पष्टीकरण आपोआप तयार व्हावे. आणि या पात्रामागे एक खरी मुलगी होती, तिला या चित्रणावर उत्तर देता येणार नव्हते. परंतु या अन्यायाचा उगम भयाच्या उपपत्तीत नसून खलनायिका हवीच, या मेलोड्रामाच्या गरजेत आहे. मत्सराची उपपत्तीही दोन मुलींमध्येच हिशेब पुरा करते. बदलते ती फक्त खलनायिका. स्टेसीने तुच्छतेने वागणे हे तिच्या पदाचे चलन होते. ते तिने पाडले नव्हते.

आणि मत्सरवाद्यांनी ज्याच्याकडे पाहिलेलेच नाही असे एक पात्र येथेच उभे आहे. काळे कपडे घालणारी, कोणत्याही मंडळीत नसलेली मोनिका. खुनानंतर पुरावा काहीही नसताना शाळेचा संशय तिच्यावर जातो. तिच्यामागे कुजबुज, धमक्या, छळ सुरू होतो आणि खरी गुन्हेगार त्या काळात सर्वांत मिसळून, शोक करीत वावरते. जिरारचा ‘बळीचा बकरा’ येथे शब्दशः लागू पडतो, हे त्याच्या अनुयायांनी आनंदाने नोंदवावे. पण त्याचबरोबर हेही नोंदवावे, की हाच कंपू, हीच शाळा आणि दुसऱ्याला विचित्र ठरवणारे हेच वाक्य येथे कामाला लागलेले आहे. आणि मोनिकाचा हेवा करणारे त्या शाळेत कोणीही नव्हते.