कानात वारं शिरलंय!

वासराच्या कानात वारं शिरलं की ते उधळतं, असं आपल्याकडे म्हणतात. नागपूरच्या बाइकवाल्यांचं यापेक्षा वेगळं काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी मिहान नाहीतर आयटी पार्कमधून सुटका झाली, की ग्रुपवर एकच प्रश्न : 'संडेला कुठे?' रामटेक, खिंडसी, पेंच. जास्तच जोर आला तर चिखलदरा. मीही त्यातलीच. जॅकेट कुठलं, ग्लोव्हज कुठले, टायरमध्ये हवा किती, यावर आम्ही तासन्‌तास बोलतो. कानांचा विषय मात्र कुणीच काढत नाही.

घरी परतल्यावर कानात 'सूंऽऽ' वाजत राहतं ना? आपण म्हणतो, थकवा असेल. किंवा बिल फाडतो बुलेटच्या सायलेन्सरवर. पण खरा कलाकार वेगळाच आहे. वेग साठच्या पुढे गेला की इंजिनच्या आवाजावर वाऱ्याचा आवाज चढतो. हेल्मेटवर आदळणाऱ्या हवेचे भोवरे तयार होतात, विशेषतः खाली हनुवटीपाशी, आणि त्यांची घरघर थेट कानात शिरते. हेल्मेट डोकं वाचवतं, पण ही खालच्या पट्टीतली घरघर त्याला फारशी अडवता येत नाही. महागडं असलं तरी नाही. म्हणून ते काढून ठेवू नका हं! डोक्याला पर्याय नाही.

आकडे काय म्हणतात?

ब्रिटनमध्ये झालेल्या मोजमापांनुसार ताशी 60 किलोमीटरला हेल्मेटच्या आत साधारण 90 डेसिबल आवाज असतो आणि 160 ला तो 110 वर जातो. म्हणजे शंभरच्या वेगाला जवळपास शंभर डेसिबल धरून चला. आता अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेचा हिशेब बघा. 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालेल. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. या गणिताने शंभर डेसिबलला मिळतात फक्त पंधरा मिनिटं! जबलपूर रोडवर तेवढ्यात कामठीच्या पुढचा मोकळा रस्ता नुकता कुठे लागलेला असतो.

आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाजाने त्या थकतात, म्हणून 'सूंऽऽ' वाजतं. वारंवार थकल्या की मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

माझा एक मित्र एमआर आहे. वय 29. वर्धा, उमरेड, भंडारा, सगळा फेरा बाइकवर. एकदा केमिस्टने साठ स्ट्रिप सांगितल्या, याने आठ लिहिल्या. 'काऊन बे, लक्ष कुठे असते तुझं?' म्हणून आम्ही खूप हसलो. मग ऑडिओमेट्री झाली. 4000 हर्ट्‌झच्या आसपास आलेख खड्ड्यात गेलेला. जोरदार आवाजाने कान गेले की बहुतेकदा खड्डा तिथेच पडतो. त्यामुळे 'स', 'श', 'फ' निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यात काम करता का? तो म्हणाला, नाही, बाइक चालवतो. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग करायचं काय?

फोमचे इअरप्लग. एका प्लेट तर्री-पोह्यापेक्षा स्वस्त. पाकिटावर 30 डेसिबलच्या आसपास आकडा लिहिलेला असतो. प्रत्यक्षात निम्मा फायदा मिळाला, तरी शंभरचे 85 होतात. पंधरा मिनिटांचे आठ तास!

घालायची पद्धत मात्र शिकून घ्या. बोटांनी वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

'पण हॉर्न कसा ऐकू येणार?' हा प्रश्न येणारच. प्लगने वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच कमी होतात. हायवेच्या वेगात हॉर्न लपतो तो वाऱ्याच्या गोंगाटात. सीताबर्डीच्या गर्दीत वाऱ्याचा त्रासच नाही, तिथे प्लग काढून खिशात.

एवढं लक्षात ठेवा
- कापसाचा बोळा चालत नाही. तो आवाज जेमतेम अडवतो.
- वाऱ्यावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवू नका. कानावर दुहेरी मार पडतो.
- उन्हाळ्यातला आपला स्कार्फ गळ्याशी घट्ट खोचा. हेल्मेटखालची फट बुजते. टोक मात्र फडफडायला नको.
- वेग थोडा कमी करा. शंभरवरून ऐंशीवर आलात तरी कानांना मोठा आराम.
- 'सूंऽऽ' दुसऱ्या दिवशीही वाजत असेल, तर ईएनटीकडे जा. मेडिकल आणि मेयोमध्येही हा विभाग आहे.

पुढच्या पेंच राइडला खवासा ओलांडून सिवनीकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेला बघा. जंगलातल्या प्राण्यांना गाड्यांचा आवाज आणि उजेड जाऊ नये, म्हणून तिथे चार मीटर उंच भिंती घातल्यात. वाघाच्या कानाची सोय सरकारने केली. तुमच्या कानाची तुम्हालाच करायची आहे. संडेच्या आधी मेडिकल स्टोअरमध्ये एक चक्कर मारा.