विषय म्हणजे आशयसूत्र नव्हे!

'बनगरवाडी'चं आशयसूत्र काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "माणदेशी मेंढपाळांच्या जीवनाचं चित्रण." शाळेत 'मध्यवर्ती कल्पना सांगा' या प्रश्नाला असलीच वाक्यं लिहून आपण सगळ्यांनी मार्क मिळवले आहेत. माझ्या मते हे उत्तर अपुरं नाही, चक्क चूक आहे.

कारण हा झाला विषय. तो मलपृष्ठ वाचूनही कळतो. त्या विषयाबद्दल पुस्तक काय म्हणतं, ते आशयसूत्र. ते एका पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि पुस्तकातल्या घटनांवर तपासता आलं पाहिजे. प्रोग्रॅम कोसळला की आम्ही कारणाचा अंदाज बांधतो आणि तो सगळ्या लक्षणांना लागू पडतो का ते बघतो. एक जरी लक्षण बाहेर राहिलं, तर अंदाज टाकून द्यायचा. इथेही तेच करून बघा ना.

जरा बरं उत्तर घेऊ: "तरुण मास्तर मागासलेल्या वाडीचा उद्धार करतो." व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. मास्तर येतो, शाळा सुरू होते, वाडी अंगमेहनतीनं तालीम बांधते, औंधचे राजेसाहेब येऊन जातात. उद्धाराचीच गोष्ट असती, तर पुस्तक इथेच संपलं असतं. पण पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडतात आणि मास्तरची बदली होते. म्हणजे शेवटच बाहेर राहिला. अंदाज बाद!

माझं वाक्य असं: ज्याच्यावर गाव जगतं तेच गेलं, की चांगल्या माणसांनी जीव ओतून उभं केलेलं कामही गावाला धरून ठेवू शकत नाही. यात तालीम बसते, दुष्काळ बसतो, आणि एक बैल कमी म्हणून जुवाला खांदा देणारी शेकूची बायकोसुद्धा बसते. कुणी याहून नेमकं वाक्य आणलं तर मी माझं सोडीन. पण "ज्याला जे दिसेल ते खरं" हा पळपुटेपणा नको. पुस्तक नीट वाचायचा कंटाळा आला की माणूस असं बोलतो.

एवढा अट्टाहास कशासाठी? तर आमच्या पाटणसाठी. इथे पाऊस धो धो. 'मेंढपाळांचं चित्रण' म्हणून शिकवली, तर इथल्या पोराला ही कादंबरी परक्या, कोरड्या मुलखाची वाटते. पण वरचं वाक्य हातात द्या. १९६० च्या दशकात कोयनेचं धरण झालं, शिवाजीसागरात गावंच्या गावं गेली, माणसं दूरदूर पांगली. तिथे पाणी आटलं, इथे पाणी चढलं. पाया सुटला तो दोन्हीकडे!

अर्थात फरकही लपवायचा नाही. दुष्काळ कुणी ठरवून आणत नाही, धरण ठरवून बांधतात. त्या ठरवण्याचा हिशोब 'बनगरवाडी' मागत नाही, म्हणून तो तिच्या तोंडी घालू नये. त्यासाठी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. तिचं आशयसूत्रही "धरणग्रस्तांचं दुःख" एवढ्यावर उरकतात.

असो. शनिवार-रविवार मोकळा असेल तर 'झाडाझडती' काढा आणि तिच्याबद्दल एक पूर्ण वाक्य लिहून बघा. मात्र 'चित्रण' हा शब्द वापरायचा नाही!