आठशे मीटर



जालना-जिंतूर रस्त्यावरचा देवगाव फाटा घ्या किंवा मराठवाड्यातला दुसरा कुठलाही फाटा घ्या. पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की अंधार फिटायच्या आत मुली रस्त्याच्या कडेने धावू लागतात. मैदान नाही, म्हणून रस्ता. घरचे 'जा' म्हणाले, म्हणून पहाट. कारण दिवस उजाडला की पाणी, भाकरी आणि वेचणीला जाणे आहेच.

या धावण्याला आपण छंद समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. अशा जिल्ह्यात 'मी भरतीची तयारी करतेय' हे वाक्य म्हणजे मुलीने स्वतःसाठी मागून घेतलेली एक-दोन वर्षांची मुदत असते. १९९४ साली राज्याने महिला धोरण जाहीर केले आणि सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या, तो आपल्या चळवळीचा विजय होता. पण त्या राखीव जागेपर्यंतची वाट मैदानातून जाते. तिथे शारीरिक चाचणी ५० गुणांची असते: ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत पार करणारीला पूर्ण गुण. पन्नासातले निम्मे गुण मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेचे दार बंद.

म्हणून प्रश्न विचारायला हवा: ही चाचणी नेमके काय मोजते?

याच ८०० मीटरचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा. १९२८ साली अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा ही शर्यत धावल्या. जर्मनीच्या लीना राडके यांनी विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. अंतिम फेरीतल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. पण वर्तमानपत्रांनी लिहिले की बायका धापा टाकत कोसळल्या, हे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणारे नाही. पुरुष धावपटू शर्यतीनंतर गवतावर आडवा झाला तर त्याने जीव तोडून धाव घेतली म्हणायचे आणि बाई बसली तर तिचा देह दुबळा! शर्यत बंद झाली ती थेट १९६० च्या रोम ऑलिम्पिकपर्यंत. 'बाईला झेपत नाही' म्हणून बत्तीस वर्षे नाकारलेले अंतर आज आपल्या मुलींच्या नोकरीची पात्रता ठरवते आहे. शरीर तेच आहे. बदलला आहे तो मोजणाऱ्यांचा हेतू.

आता शरीराचे पाहू. दोन-तीन मिनिटांच्या जोरकस धावेत स्नायूंना प्राणवायू लागतो. तो रक्तातले हिमोग्लोबिन वाहून नेते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरते. म्हणजे ज्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ आहे, तिचे १०० मिलिलिटर रक्त सुमारे १६ मिलिलिटर प्राणवायू नेऊ शकते. जिचे ९ आहे, तिचे फक्त १२. जवळपास चौथा हिस्सा कमी. दोघींची जिद्द सारखी, सराव सारखा, तरी दुसरीचा दम आधी तुटणार. आणि ही दुसरी विरळा नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तपांढरी होती. देशभराचा आकडा स्त्रियांत ५७ टक्के, पुरुषांत २५ टक्के. सगळ्यांचे जेवून झाल्यावर उरले ते खायचे, पाळीत दर महिन्याला रक्त जायचे आणि ते भरून काढायला ताटात काही नसायचे, याचा हिशेब अखेर घड्याळाच्या काट्यावर उमटतो. घड्याळ खोटे बोलत नाही, पण ते अर्धेच बोलते. मुलगी किती धावली ते सांगते, तिला काय खायला मिळाले ते सांगत नाही.

मोजमाप अपमानाचे हत्यारही होते. २०२३ साली राजस्थानात वनरक्षक भरतीत धावण्याची चाचणी पार केलेल्या मुलींना छातीच्या मापावरून अपात्र ठरवले गेले. तिथल्या उच्च न्यायालयाने हा निकष मनमानी आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारा ठरवला. फुप्फुसाची क्षमता पाहायची तर दुसरा मार्ग शोधा, असे सरकारला सुनावले. तामिळनाडूच्या शांती सौंदराजनचे उदाहरण आणखी जिव्हारी लागणारे आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित कुटुंबातली ही मुलगी २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्येच दुसरी आली. मग तिची 'लिंगचाचणी' झाली आणि पदक काढून घेतले गेले. वेग मोजून झाल्यावर तिचे बाईपण मोजायला घेतले, आणि तेही साऱ्या जगासमोर.

मग चाचण्याच नकोत असे म्हणायचे का? आमचे मत तसे नाही. पोलिसाला धावावे लागते. चाचणी सोपी करा, ही मागणी आपल्याच मुलींना कमी लेखणारी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दुष्काळी आणि आदिवासी भागातल्या मुलींत दम आहे, हे सिद्ध करायचे आता उरलेले नाही. आपली मागणी आहे ती चाचणीच्या आधीची. तालुक्याच्या मैदानावर मुलींसाठी राखीव वेळ आणि दिवे हवेत. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या घोडका राजुरीजवळ पहाटे रस्त्यावर भरतीचा सराव करणारे तीन तरुण एसटी बसखाली गेले, आणखी किती जीव जाण्याची वाट पाहायची? प्राथमिक आरोग्य केंद्रात तयारी करणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या मिळाव्यात. भरतीच्या ठिकाणी मुक्कामाची सोय, संडास आणि पाणी असावे. माप घेणारी बाईच असावी. गरोदर उमेदवाराची चाचणी पुढे ढकलली जावी. रेल्वे संरक्षण दलाने ती नाकारली, तेव्हा २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना दंड ठोठावला, हे आपल्या निवेदनात आवर्जून लिहा.

आणि मोजपट्टी आपल्याही हाती घेऊ या. गटाच्या बैठकीत एक साधी गोष्ट करून पाहा. घराच्या पायरीवर तीन मिनिटे एका लयीत चढा-उतरा, थांबल्यावर लगेच मनगटाची नाडी मोजा, वहीत तारखेसह लिहा. महिन्याच्या सरावानंतर त्याच पायरीवर, त्याच लयीत पुन्हा मोजा. ठोके कमी झाले तर दम वाढला. गरोदर बायांनी आणि छातीत दुखणे, चक्कर असा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आकड्याची तुलना शेजारणीशी करायची नाही, स्वतःच्या मागच्या आकड्याशीच करायची. जिचे ठोके सरावानंतरही उतरत नाहीत, तिला घेऊन उपकेंद्रात जा, रक्त तपासून घ्या.

पुढच्या अंकासाठी तुमच्या तालुक्यात मुली कुठे आणि किती वाजता सराव करतात, मैदानाची किल्ली कुणाकडे आहे आणि ती मागितल्यावर काय उत्तर मिळाले, ते आम्हाला लिहून कळवा. भरतीची पुढची जाहिरात निघण्याआधी ही माहिती एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायची आहे.

– संपादक मंडळ