रिकाम्या बाकांचा इशारा

फ्रान्समधील चर्चचे बाक एका रात्रीत रिकामे झाले नाहीत. धोक्याची घंटा चर्चच्याच माणसांनी वाजवली होती. 1931 साली गाब्रिएल ल ब्रा या श्रद्धावान कायदेपंडिताने धर्माचरणाची गावोगाव मोजदाद करण्याचे आवाहन केले. स्नानसंस्कार, विवाह आणि अंत्यविधी एवढ्यापुरतीच चर्चची पायरी चढणारे आणि मिस्सा म्हणजे रविवारची सामूहिक उपासना न चुकवणारे यांना एकाच आकड्यात कोंबणे ही आत्मवंचना आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

1947 मध्ये धर्मगुरू फर्नां बुलार यांनी ग्रामीण फ्रान्सच्या धर्माचरणाचा नकाशाच समाजापुढे ठेवला. ब्रिटनीतील चर्च भरलेली, लिमुझँमधील ओस. राज्यक्रांतीच्या काळात, 1791 मध्ये, कोणत्या प्रदेशातील धर्मगुरूंनी शासननिष्ठेची शपथ घेतली आणि कोठे नाकारली, त्या नकाशाशी याचे विलक्षण साम्य पुढे इतिहासकारांना आढळले. ज्याचे खापर नव्या पिढीच्या स्वैराचारावर फोडणे सोयीचे होते, त्या रोगाची मुळे दीडशे वर्षे खोल गेलेली होती.

ब्रिटनीची गाडी पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकात थांबे. खांद्यावर गाठोडे घेऊन उतरलेला तरुण फलाट ओलांडी आणि मिस्सेला कायमचा अंतरे. शंभरांतले सुमारे नव्वद जण असे गळतात, असे ल ब्रा यांचे निरीक्षण. गावात त्याला चर्चमध्ये नेत होती ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर. नजर सुटली, आचरण सुटले.

निदान हाती आल्यावर चर्चच्या सत्ताधीशांनी काय केले? उदाहरण अमेरिकेचे पाहा. जेझुइट समाजशास्त्रज्ञ जोसेफ फिक्टर यांनी न्यू ऑर्लिन्समधील एका धर्मग्रामाचा बारकाईने अभ्यास केला. 1951 मध्ये पहिला खंड निघाला. तेथील धर्मगुरूच्या विरोधामुळे उरलेले खंड कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. 1976 मध्ये धर्मगुरू अँड्र्यू ग्रीली यांनी तेथील चर्च-उपस्थितीच्या ओहोटीचा संबंध संततिनियमनाची कृत्रिम साधने निषिद्ध ठरवणाऱ्या 1968 च्या पोपच्या परिपत्रकाशी जोडला. आज्ञा आणि संसार यांत दरी पडली, की माणसे वाद घालत बसत नाहीत. निमूट निघून जातात.

या निमूटपणाचे मोल फ्रान्स आज मोजतो आहे. 1960 च्या दशकारंभी सुमारे एक चतुर्थांश प्रौढ रविवारी मिस्सेला जात. आज शंभरांत जेमतेम दोन-तीन. आधी बाक रिकामे होतात, मग मुलांचे स्नानसंस्कार थांबतात, त्या पिढीतून धर्मगुरू निपजत नाहीत आणि एकाच धर्मगुरूच्या गळ्यात अनेक गावे पडतात. अखेर गावात मृताला निरोप देणारा आणि एकाकी वृद्धाचे दार ठोठावणारा कोणी उरत नाही.

वसई-गोव्यातील चर्चधुरीणांनी, किंबहुना प्रत्येक धर्मसंस्थेच्या धुरीणांनी, सणाच्या गर्दीवर विसंबू नये. वसईचा तरुण आज दूर उपनगरात, गोव्याचा आखातात आणि लंडनमध्ये उतरतो आहे. त्याचे मोंपार्नास तेथेच आहे. सामान्य रविवारची मोजदाद करा, आकडे उघड करा, गेलेल्यांना कारण विचारा. आज हे टाळाल, तर उद्या मोजायला बाकच उरतील.