पॉलिसी बदला, पण जुनी सोडण्याची घाई नको

नूतनीकरणाची सूचना येते आणि पेन्शनवर चालणाऱ्या घरात हिशेब सुरू होतो. वाढलेला हप्ता परवडत नाही आणि पॉलिसी सोडण्याचा धीर होत नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचा प्रतिनिधी कमी हप्त्याचा तक्ता पुढे करतो. सत्तरीतला माणूस इथेच चुकतो.

आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची, म्हणजे पोर्टेबिलिटीची, सोय २०११ पासून आहे. मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांसाठी नवी पॉलिसी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. जुन्या कंपनीत काढलेला काळ पोर्टिंग करताना त्यातून वजा होतो. मात्र ही सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच असते. पाच लाखांचे दहा लाख केले, तर वाढीव पाच लाखांसाठी प्रतीक्षा काळ पहिल्यापासून मोजला जातो.

खरी गोम पुढे आहे. आधी दावे केले म्हणून जुनी कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. नवी कंपनी मात्र प्रकृती पाहून अर्ज फेटाळू शकते किंवा जादा हप्ता मागू शकते. प्रवेशासाठीची ६५ वर्षांची मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये हटली, तरी बायपास झालेल्या ज्येष्ठाला दार उघडेलच असे नाही. ज्याला बदलाची गरज जास्त, त्यालाच नकाराची भीती जास्त. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्याआधी सल्लामसलत सक्तीची केली. तसाच वचक पोर्टिंगच्या नकारांवरही हवा. प्रत्येक नकाराचे ठोस कारण लेखी मिळाले पाहिजे.

तोवर सावधगिरी हाच उपाय. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करावा. कोणताही आजार लपवू नये. तो दाव्याच्या वेळी हमखास बाहेर येतो. खोलीभाड्याची मर्यादा आणि दाव्यातला स्वतःचा वाटा तपासावा; स्वस्त हप्त्याचे रहस्य बहुधा तिथेच असते. नव्या कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. काहींना जुनी पॉलिसी ठेवून वर सुपर टॉप-अप घेणे सोयीचे पडेल. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षणही आहे, खासगी विमा असला तरी. ते कार्ड आधी काढावे, मग तक्ते चाळावेत.